ओपनबोर्ड आणि साधा पेन टॅबलेट: ऑनलाइन क्लासमध्ये लिहून शिकवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधी मत सांगून टाकते. जिथे शिकवताना हात चालतो असा कुठलाही विषय ऑनलाइन घेत असाल, म्हणजे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, अकाउंट्स, अगदी व्याकरणसुद्धा, तर ओपनबोर्ड हे फुकट व्हाइटबोर्ड सॉफ्टवेअर आणि जोडीला स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेनने लिहिलं की ते स्क्रीनवर उमटतं) एवढ्यावर उत्तम क्लास घेता येतो. मी गणित शिकवते आणि हीच जोडी रोज वापरते. काही गोष्टी खटकतात, त्या पुढे लिहिल्यात आणि जरा सविस्तरच लिहिल्यात, कारण नुसतं "मस्त आहे, घ्या" म्हणून सोडलं की लोक इन्स्टॉल करतात, पहिल्याच क्लासला गोंधळ होतो, मग परत तयार स्लाइडवर जातात आणि नुकसान मुलांचं होतं.

स्लाइड वाईट असं अजिबात नाही म्हणत मी. नकाशा, पेशीचा फोटो, यंत्राचा आतला भाग, असं काही दाखवायचं असेल तर स्लाइडच हवी. पण वर्गसमीकरण सोडवून दाखवायचंय आणि ते स्लाइडवर टाकलं तर उत्तरासकट सगळं एकदम समोर येतं, ॲनिमेशन लावून एकेक ओळ आणली तरी ओळ पूर्ण तयार होऊनच येते, मुलाला हे दिसत नाही की आपण कुठून सुरुवात केली, कुठलं पद आधी हलवलं, चिन्ह बदलताना हात कुठे थांबला. तो थांबलेला हात फार महत्त्वाचा असतो हो. आणि लिहिताना आपला वेग आपोआप वहीत लिहिणाऱ्याच्या वेगाजवळ येतो, स्लाइड वाचताना तो दुप्पट होतो आणि आपल्याला कळतही नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१४ साली फिलिप ग्वो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या कोर्सेसची व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सेशन्स तपासली होती, त्यात हाताने लिहीत समजावलेले व्हिडिओ हे स्लाइड किंवा कोडच्या स्क्रीन रेकॉर्डिंगपेक्षा मुलांना जास्त धरून ठेवतात असं दिसलं. ते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ होते, लाइव्ह क्लास नव्हे, तेवढा फरक लक्षात ठेवायचा. दुसरं म्हणजे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियावरचं काम, त्यातला एक मुद्दा प्रत्येक ऑनलाइन शिक्षकाने डोक्यात ठेवावा असा आहे: चित्र, आपलं बोलणं आणि त्याच बोलण्याचा शब्दन्‌शब्द मजकूर हे तिन्ही एकदम समोर आलं तर शिकणं कमी होतं, नुसतं चित्र आणि बोलणं असेल तर जास्त होतं. म्हणजे वाक्यंच्या वाक्यं स्लाइडवर टाकून ती वाचून दाखवणं हा सगळ्यात वाया जाणारा प्रकार. लिहीत शिकवताना हे आपसूक टळतं, कारण हाताने कोणी पूर्ण वाक्यं लिहीत बसत नाही, आपण आकृती काढतो, दोन शब्द लिहितो आणि बाकीचं बोलतो.

आता ओपनबोर्डबद्दल. हे ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, अकाउंट काढायला लागत नाही, जाहिराती नाहीत, वेळेची मर्यादा नाही. याचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात आहे, तिथलं युनिबोर्ड, मग त्यातून फ्रान्समध्ये ओपन-सांकोरे आणि त्यातून हे ओपनबोर्ड. ही पार्श्वभूमी मुद्दाम सांगितली कारण ती वापरताना जाणवते, हे ऑफिसच्या मीटिंगसाठी बनवलेलं व्हाइटबोर्ड नाहीये, वर्गात उभं राहून शिकवणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे. मीटिंगवाल्या व्हाइटबोर्डमध्ये रंगीत चिकट नोट्स आणि बाण भरपूर मिळतात पण कोनमापक शोधायला जा, मिळत नाही. इथे पट्टी, कोनमापक, गुण्या, कंपास सगळं आहे, पट्टी स्क्रीनवर ठेवून तिच्या कडेने रेघ मारता येते, कंपास उघडून कंस मारता येतो. भूमितीत कोनाचा दुभाजक काढायची रचना मी यावर जशी दाखवते तशी दुसऱ्या कुठल्या फुकट सॉफ्टवेअरवर मला दाखवता आलेली नाही, मुलं घरी हातात कंपास घेऊन सोबत करत जातात.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती पानांची पद्धत. प्रत्येक उदाहरणाला वेगळं पान, पुसायची गरजच नाही, मुलगा म्हणाला "मॅडम मघाचं परत दाखवा ना" की मागच्या पानावर जायचं, सगळं जसंच्या तसं असतं. पानाची कॉपी करता येते, त्याचा मी फार वापर करते, आकृती एकदा काढायची, त्या पानाच्या तीन कॉप्या आधीच करून ठेवायच्या, मग त्याच त्रिकोणावर एका पानावर मध्यगा, दुसऱ्यावर शिरोलंब, तिसऱ्यावर कोनदुभाजक. पार्श्वभूमी पांढरी घ्या, काळी घ्या, चौकटीची घ्या. आलेख शिकवताना चौकटीची पार्श्वभूमी म्हणजे फार सोय आहे. पेनच्या तीन जाड्या आणि ठराविक रंग बाजूला तयार असतात आणि ते सेटिंगमध्ये बदलता येतात, ते एकदा बदलून घ्याच, का ते पुढे सांगते.

पीडीएफ आत घेता येते, पुस्तकाचं पान किंवा प्रश्नपत्रिका आणली की तिच्यावरच लिहायला सुरुवात. तुमच्याकडे जुन्या स्लाइड्स असतील तर त्या पीडीएफ करून घ्या आणि आत आणा, ॲनिमेशन जातं पण त्याच्या बदल्यात तिच्यावर मोकळेपणाने लिहिता येतं, आणि स्लाइडवर जिथे उत्तरं होती तिथे मोकळी जागा सोडून परत पीडीएफ केली तर अजूनच छान. स्क्रीनचा एखादा तुकडा पकडून पानावर टाकायची सोय आहे, ग्राफ काढणाऱ्या एखाद्या ॲपमधला आलेख उचलून बोर्डवर आणला आणि त्यावर बाण मारत समजावलं असं होतं. मास्क नावाचं एक झाकण आहे ज्याने पानाचा भाग लपवून हळूहळू उघडत जाता येतं, लेझर पॉइंटर आहे. रेकॉर्डिंगसुद्धा आहे आत, पण मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग मिळत असेल तर तेच वापरा, त्यात मुलांचे प्रश्नही येतात.

पेन टॅबलेटबद्दल थोडक्यात. वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन अशा कंपन्यांचे मिळतात, शिकवण्यासाठी सगळ्यात साधं मॉडेल पुरतं. दाबाच्या ४०९६ की ८१९२ पातळ्या हा चित्रकारांचा प्रश्न आहे, समीकरण लिहायला त्याने काडीचा फरक पडत नाही. आकार मात्र बघा, अगदीच छोटा घेतला तर मनगटातूनच लिहावं लागतं आणि अक्षर बिघडतं. हात खाली टेबलावर आणि नजर वर स्क्रीनवर याची सवय व्हायला काही दिवस लागतात, तोपर्यंत अक्षर वाकडं येतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, क्लास नसताना रोज थोडं नुसतं अंक आणि अक्षरं गिरवा, बसतं वळण. एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी करा: दोन मॉनिटर असतील तर टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये (टॅबलेटसाठी इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन टॅबलेट फक्त बोर्ड असलेल्या एकाच स्क्रीनला जोडा आणि लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवा हा पर्याय टिक करा. ते केलं नाही तर टॅबलेटची लांबी दोन्ही स्क्रीनवर ताणली जाते आणि काढलेलं वर्तुळ लंबवर्तुळ होऊन बसतं.

आता खरा विषय, शेअरिंग. बोर्ड कितीही चांगला असला तरी मुलांपर्यंत तो नीट पोचला नाही तर काय उपयोग, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. ओपनबोर्ड उघडलं की पूर्ण स्क्रीन व्यापतं. चॅट खाली जातं, मुलांचे चेहरे खाली जातात, कोणी हात वर केला तर दिसत नाही. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुसरी स्क्रीन, जुना मॉनिटर चालेल, घरातला टीव्ही केबलने जोडला तरी चालेल, फक्त विंडोजमध्ये डुप्लिकेट न ठेवता एक्स्टेंड करा. दोन स्क्रीन असल्या की ओपनबोर्ड स्वतःहून एकीवर तुमची टूल्स, पॅलेट वगैरे ठेवतं आणि दुसरीवर नुसतं स्वच्छ पान दाखवतं. मीटिंगमध्ये ती दुसरी स्क्रीन शेअर करायची, बस. मुलांना बटणं दिसत नाहीत, मेनू उघडताना होणारी धावपळ दिसत नाही, फक्त पान आणि त्यावर उमटणारी अक्षरं. या एकट्या गोष्टीसाठी मी हे सॉफ्टवेअर वापरायला सांगेन.

दुसरी स्क्रीन नसेल तरी जमतं. झूममध्ये शेअरच्या ॲडव्हान्स्ड भागात स्क्रीनचा ठराविक तुकडाच शेअर करायचा पर्याय आहे, हिरवी चौकट येते, ती पानाभोवती लावायची आणि टूलबार बाहेर ठेवायचा. ओपनबोर्डचा टूलबार सेटिंगमधून खाली नेता येतो, तो नेऊनच टाका, कारण झूमची तरंगती पट्टी वर येऊन बसते आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. गूगल मीट वापरत असाल तर चॅट ब्राउझरमध्ये असतं आणि बोर्डाखाली दबून जातं, तिथे फोन हाताशी लागतोच.

फोनचं सांगते, हे सगळ्यांनीच करा, बोर्ड कुठलाही असो. फोनवरून त्याच मीटिंगमध्ये अजून एक सदस्य म्हणून जॉइन व्हा, माइक बंद, आवाजही बंद, झूममध्ये ऑडिओ जोडूच नका म्हणजे घुमणारा आवाज येत नाही. फोन समोर टेबलावर उभा ठेवा. आता मुलाला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय, आणि किती उशिरा दिसतंय तेही कळतं. दर दोन मिनिटांनी "दिसतंय का सगळ्यांना, स्क्रीन दिसतेय का" हे विचारायची गरज संपते, जे विचारणं मुलांना खरंच कंटाळवाणं होतं. शिवाय शेअर केलेलं चित्र पोचायला थोडा वेळ लागतो, नवीन पान आलं की फोनवर ते उमटेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं. एवढ्या एका सवयीने "मॅडम, कुठलं म्हणताय तुम्ही?" हा प्रश्न जवळजवळ बंद होतो.

पूर्ण स्क्रीन, एकच विंडो की टॅब, काय शेअर करावं यावर माझं पक्कं मत आहे: जेवढं कमी तेवढं चांगलं. पूर्ण डेस्कटॉप शेअर केला की येणारे मेसेज, फाइलींची नावं, सगळं वर्गासमोर येतं, त्यात दुसऱ्या मुलांचे मार्क वगैरे असले तर ते बरोबर नाही. विंडो शेअर करताना एक मेख आहे, त्या ॲपमधून उघडणाऱ्या छोट्या विंडो आणि मेनू बऱ्याचदा मुलांना दिसतच नाहीत, आपण "हे बटण दाबा" म्हणत असतो आणि त्यांच्याकडे ते बटणच नसतं. म्हणून सॉफ्टवेअर शिकवत असाल तर, ओपनबोर्डसारखंच, स्वतंत्र दुसरी स्क्रीन शेअर करा, बाकी सगळ्यासाठी विंडो. पॉवरपॉइंट दाखवायचंच असेल तर स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये विंडोमध्ये चालवायचा पर्याय आहे, तो निवडला की स्लाइड शो पूर्ण स्क्रीन न घेता खिडकीत चालतो आणि बाजूला चॅट उघडं ठेवता येतं. मायक्रोसॉफ्ट टीम्सवाल्यांना पॉवरपॉइंट लाइव्ह आहे, त्यात आपल्याला नोट्स दिसतात आणि मुलांना स्वतःहून मागेपुढे स्लाइड बघता येतात, ते नको असेल तर बंदही करता येतं. वहीत मागे राहिलेल्या मुलाला मागची स्लाइड बघता येणं ही फार चांगली गोष्ट आहे, मी तरी ते चालूच ठेवेन.

झूममधलं अजून एक बटण लोक वापरत नाहीत, पॉज शेअर. ते दाबलं की मुलांकडे शेवटचं चित्र गोठून राहतं आणि तेवढ्यात आपण पुढचं पान शोधू शकतो, पीडीएफ आणू शकतो. उदाहरण सोडवायला वेळ दिलाय, प्रश्न त्यांच्यासमोर स्थिर आहे आणि इकडे आपली तयारी चाललीये, याहून चांगलं काय.

आता जाडी आणि रंग, मघाशी म्हटलं होतं ते. तुमचा मॉनिटर मोठा, पण बरीच मुलं फोनवर बघतात, त्या हाताएवढ्या स्क्रीनवर तुमचं पूर्ण पान मावतं. म्हणून सगळ्यात बारीक पेन विसरून जा, मधल्या जाडीपासून सुरुवात करा, सेटिंगमध्ये जाऊन तिन्ही जाड्या वाढवून घ्या, आणि एका पानावर सहा-सात ओळींच्या वर जाऊ नका, पानं फुकट आहेत. मॉनिटर फोर-के असेल तर शेअर करायच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन १९२०×१०८० किंवा १२८०×७२० करून टाका, तिकडे तसंही आकसूनच पोचणार असतं.

रंगाचं कारण जरा तांत्रिक आहे पण समजून घेण्यासारखं आहे. व्हिडिओ पाठवताना उजेड-अंधाराची माहिती पूर्ण बारकाईने जाते आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा त्यापेक्षा कमी बारकाईने पाठवली जाते. त्यामुळे काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं एकदम धारदार दिसतं, पण काळ्या फळ्यावर बारीक लाल किंवा गडद निळी रेघ तिकडे पोचेपर्यंत फिसकटते. आपल्या स्क्रीनवर ती सुंदर दिसत असते, म्हणून कळतच नाही. मी मुख्य लिखाण पांढऱ्या पानावर काळ्याने करते, दुसरा रंग गडद निळा, आणि लाल फक्त गोल करायला किंवा अधोरेखित करायला, तोही जाड पेनने. काळा फळा आवडत असेल तर पांढरा आणि पिवळा घ्या, दोन्ही उठून दिसतात. आणि लाल-हिरव्यावर फरक टांगू नका, "लाल रेघ बघा, हिरवी सोडा" असं म्हटलं की ज्या मुलाला तो फरक दिसत नाही तो गप्प बसतो, विचारत नाही. रेषांना नावं द्या, एक तुटक काढा.

बोलताना "हे इथे, ते तिकडे" हे शब्द टाळा, पेनचं टोक त्यांना नीट दिसतंच असं नाही. "दुसऱ्या ओळीतला कंस", "बीच्या वरचा २" असं नाव घेऊन बोला. नेट गेलेल्या मुलाला फक्त आवाज येत असला तरी तो वहीत लिहू शकतो, आणि ज्याला दृष्टीची अडचण आहे त्याचा तर क्लासच यावर चालतो.

डेटाचं गणित बघा, हा या जोडीचा सगळ्यात मोठा फायदा आहे असं मला वाटतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. झूमच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे चेहऱ्याचा व्हिडिओ नसताना नुसत्या स्क्रीन शेअरला सेकंदाला साधारण ५० ते ७५ किलोबिट लागतात, आवाजाला ६० ते ८०, आणि दोघांमधल्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉललाच ६०० लागतात. म्हणजे लिहून शिकवताना कॅमेरा बंद ठेवला तर कमी नेटवाल्या मुलालाही क्लास स्वच्छ मिळतो, कारण बोर्डवर एका वेळी एक छोटासा भागच बदलत असतो. सुरुवातीला पाच मिनिटं कॅमेरा चालू ठेवून बोला, चेहरा दिसला पाहिजे, प्रश्नोत्तरांना परत चालू करा, मधल्या लिखाणात बंद.

व्हिडिओ क्लिप दाखवायची तर बोर्डमधून दाखवू नका, थेट दाखवा. मीटमध्ये टॅब शेअर करा, टॅबचा आवाज सोबत जातो. झूममध्ये शेअर करतानाच आवाज शेअर करा आणि व्हिडिओसाठी ऑप्टिमाइझ करा हे दोन्ही टिक करा, आणि क्लिप संपल्यावर दुसरी टिक आठवणीने काढा, कारण तिने हालचाल गुळगुळीत होते पण अक्षरं भुरकट होतात. टीम्समध्ये आवाज समाविष्ट करायचं वेगळं बटण आहे. "आवाज येत नाहीये" या तक्रारीच्या मागे बहुतेक वेळा यातलंच काहीतरी राहिलेलं असतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली आणि मोठी: मुलं या बोर्डवर लिहू शकत नाहीत. हे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे, सगळ्यांनी मिळून लिहायची सोय यात नाहीच. झूममध्ये ॲनोटेशन देऊन मुलांना वरून लिहायला देता येतं आणि मी ते देते, पण ते लिखाण काचेवर लिहिल्यासारखं वरच राहतं, पान बदललं तरी तसंच, आपल्याला पुसावं लागतं, आणि पीडीएफमध्ये ते येत नाही. ज्यांचा क्लास मुलांच्या सहभागावरच उभा आहे, लहान मुलांचा गट असेल किंवा चर्चा असेल, त्यांनी मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड किंवा झूमचं स्वतःचं व्हाइटबोर्ड बघावं. पूर्वी यासाठी गूगलचं जॅमबोर्ड सोपं होतं, पण ते २०२४ च्या शेवटी बंद झालं, आणि म्हणूनच मला आपल्या कॉम्प्युटरवर चालणारं, फाइल आपल्याकडे ठेवणारं सॉफ्टवेअर जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरी गोष्ट, आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबवर हे नाही. टॅबवरूनच क्लास घेणाऱ्यांना याचा उपयोग नाही, त्यांनी टॅबवरचं एखादं नोट्सचं ॲप शेअर करावं. तिसरी, मोठी पीडीएफ आणली की जड होतं, दोनशे पानांचं पुस्तक अख्खं आणू नका, आजच्या धड्याची पानं वेगळी काढून आणा. चौथी, टाइप केलेला मजकूर हाताळायची सोय अगदी बेताची आहे, टाइप करूनच शिकवणार असाल तर हे घेऊ नका. आणि दिसायला जुनाट आहे, बटणांची चित्रं बघून पहिल्यांदा अर्थ लागत नाही, बटणांखाली नावं दाखवायचा पर्याय चालू करा म्हणजे शोधाशोध होत नाही.

पर्याय म्हणून बरेच जण फोन स्टँडवर लावून कागदावर लिहिताना दाखवतात. सुरुवात करायला ते छानच आहे, टॅबलेट घ्यायचा नसेल तर बेशक करा, पण फोकस लॉक करा, नाहीतर हात आला की कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि अक्षरं धूसर होतात. उजेड बाजूने घ्या म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही, आणि पेन्सिलऐवजी काळा स्केचपेन. अजून एक: हा फोन वेबकॅम म्हणून लावला तर तो चेहऱ्याच्या व्हिडिओसारखा जातो, म्हणजे नेट कमी झालं की पहिली मार अक्षरांच्या बारकाईला बसते. तोच कॅमेरा कॉम्प्युटरवर एका विंडोत उघडून ती विंडो स्क्रीन शेअर केली तर अक्षरं बऱ्यापैकी टिकतात. झूममध्ये तर दुसरा कॅमेरा थेट शेअर करायचा पर्यायच आहे. ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरच्या व्हर्च्युअल कॅमेऱ्याचंही (म्हणजे स्क्रीनवर जुळवलेलं चित्र मीटिंगमध्ये वेबकॅम म्हणून पाठवण्याचं) असंच, चेहरा आणि स्लाइड एकत्र दाखवायला तो देखणा आहे, फुकट आहे, पण बारीक अक्षरांचा मजकूर त्यातून पाठवू नका. चित्रकला, शिवण, विणकाम, प्रयोगशाळेतलं साहित्य, असं हातांनी करून दाखवायचं काहीही असेल तर मात्र वरून लावलेला कॅमेराच हवा, तिथे पेन टॅबलेट कामाचा नाही.

क्लास संपला की ओपनबोर्डमधून पूर्ण डॉक्युमेंटची पीडीएफ काढून मुलांना पाठवते, मूळ फाइल यूबीझेड (ओपनबोर्डचा स्वतःचा फाइल प्रकार) म्हणून माझ्याकडे ठेवते, पुढच्या बॅचला तीच उघडून लिखाण पुसलं की आकृत्या आणि प्रश्न तयार असतात. पीडीएफ क्लासच्या आधी पाठवत नाही, प्रश्नांची कोरी पानं मात्र आधी पाठवते म्हणजे फोनवर बघणाऱ्यांना प्रश्न उतरवून घेण्यात वेळ जात नाही. नवीन कोणी सुरू करत असाल तर पहिल्या क्लासच्या आधी एखाद्या मैत्रिणीला किंवा घरातल्या कोणाला फोनवरून जॉइन करायला सांगा, तीन पानं लिहून दाखवा, एक पीडीएफ उघडा, एक व्हिडिओ वाजवा, दुसरी स्क्रीन शेअर करून परत थांबवा. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये अडलात तर कुठलं मॉडेल आणि विंडोज की मॅक ते खाली लिहा, मला येत असेल तर नक्की सांगेन.